डहाणूची पेठ आणि दिल्लीची वाट

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय सुचवला तो असा: लहान गावातला व्यापारी खासदार होतो तेव्हा काय घडतं? विषय चांगला आहे. महाराष्ट्रात त्याला उदाहरणंही भरपूर आहेत. पण डहाणू आणि तलासरीबद्दल बोलायचं म्हटलं की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. डहाणूच्या पेठेतला शेठ इथून लोकसभेत गेलेला नाही. त्याला जाताच येत नव्हतं. 1967 साली डहाणू या नावाचा लोकसभा मतदारसंघ अस्तित्वात आला तो अनुसूचित जमातींसाठी राखीव म्हणूनच. 2009पासून त्याच्या जागी आलेला पालघर मतदारसंघही राखीव आहे. स्टेशनजवळचा गुजराती किराणा व्यापारी, मारवाडी पेढीवाला, चिकूच्या वाडीचा इराणी किंवा पारशी मालक, यांपैकी कुणालाही इथून लोकसभेचा अर्ज भरता येत नाही. म्हणून मी विषय थोडा फिरवून घेतो. ज्या गावात पैसा एका हातात आहे आणि दिल्लीचं तिकीट दुसऱ्याच हातात आहे, तिथून दिल्लीला कोण गेलं, कसं गेलं, आणि पेठेनं त्या वेळी काय केलं?

आधी मुंबईच्या दक्षिणेला एक नजर टाकू, म्हणजे फरक कळेल. पनवेल तालुक्यातल्या न्हाव्याचे रामशेठ ठाकूर. गरिबीतून आलेला मुलगा, रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' करून शिकला, शिक्षक झाला, मग ठेकेदारीत उतरला. नवी मुंबई आणि बंदर उभं राहत होतं तो काळ. 1998 आणि 1999 अशा दोन वेळा ते शेतकरी कामगार पक्षाकडून कुलाबा मतदारसंघाचे खासदार झाले. पुढं काँग्रेस, त्यानंतर भाजप. आपल्या विषयाचं हे अगदी चोख उदाहरण आहे. माणूस धंद्यात मोठा होतो, गावाला शाळा-कॉलेज देतो, लोक त्याला शेठ म्हणतात, आणि एक दिवस शेठ दिल्लीला जातो. पनवेलमध्ये ही वाट सरळ होती, कारण जागा खुली होती आणि शेठ भूमिपुत्रांपैकीच होता. डहाणूत शेठ आणि भूमिपुत्र ही दोन वेगळी माणसं होती. एवढ्या एका फरकातून पुढचं सगळं निघतं.

डहाणूची पेठ जुनी नाही. 1860च्या दशकात मुंबईहून गुजरातकडे रेल्वे गेली आणि खाडीकाठच्या जुन्या गावापासून दूर, स्टेशनभोवती डहाणू रोड वाढत गेलं. माल होता जंगलाचा: इमारती लाकूड, कोळसा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गवत. मुंबईचे तबेले डहाणू-उंबरगावच्या गवतावर चालत. जंगलातल्या कुपांचा ठेका, गवताची वखार, धान्याचं दुकान आणि जमिनीची मालकी बरेचदा एकाच घरात असे. वारली कूळ पावसाळ्यात त्याच घरून खावटी उचलणार, सुगीनंतर ती दीडपट-दुप्पट फेडणार, आणि फिटली नाही तर वेठीला जाणार. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस लग्नगडी म्हणून मालकाच्या घरी राबणार, बायकोसकट. हे मी कम्युनिस्टांच्या पत्रकातून सांगत नाही. डी. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1939च्या सुमारास मुंबई सरकारला जो अहवाल दिला, त्यात याच भागातल्या जमीनदार आणि ठेकेदारांबद्दल सरकारी भाषेत बसेल तेवढं कडक लिहिलेलं आहे.

अहवाल कपाटात गेला. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची परिषद भरली. कम्युनिस्ट कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथं होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असा निर्णय झाला. मग पावसाळा संपताना गवताचा प्रश्न उभा राहिला. वारल्यांनी गवतकापणीचा संप केला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, कारण इथल्या संसदीय राजकारणाचा उगम त्या अडीच रुपयांत आहे. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली. जेठ्या गांगड हे त्यांतलं एक नाव. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी हे सगळं लिहून ठेवलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण डहाणूच्या पेठेच्या बाजूनं तो काळ कुणी लिहिलेला नाही. लिहायला हवा होता. त्या वखारींचे हिशेब कुणी जपले असतील तर तो मोठाच ऐवज ठरेल.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1957 साली, ठाणे हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव परुळेकर निवडून आले आणि त्यांच्याबरोबर राखीव जागेवर लक्ष्मण मातेरा. म्हणजे गवताच्या संपानंतर बारा वर्षांनी संपवाले लोकसभेत होते आणि वखारवाले डहाणूतच. शामराव 1965 साली स्थानबद्धतेत, तुरुंगातच वारले. 1967 साली डहाणूतून गेले जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे, काँग्रेसकडून. राजा आदिवासी, त्यामुळे राखीव जागेवर राजेसाहेब! राज्यघटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे दृश्य असेल असं वाटत नाही. 1971 साली लक्ष्मण दुमाडा. 1977 साली लाल बावट्याचे, म्हणजे मार्क्सवादी पक्षाचे, लहानू शिडवा कोम. त्यानंतर 1980, 1984, 1989, 1991 असे सलग चार विजय, आणि 2004 साली पाचवा, दामोदर बारकू शिंगडा यांचा. पाच वेळा निवडून आलेल्या या काँग्रेसच्या खासदाराबद्दल मराठीत एक बरा लेख सापडत नाही. 2021 साली त्यांचं निधन झालं तेव्हा करोनाच्या बातम्यांत तेही वाहून गेलं.

आता तलासरीकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे. हा तालुका सीमेनं घडवला. 1 मे 1960 रोजी जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि जो महाराष्ट्रात राहिला त्याची तलासरी झाली. मोठी पेठ पलीकडे राहिली, स्टेशन पलीकडे राहिलं. अलीकडे उरला अहमदाबादचा महामार्ग, अच्छाडचा नाका आणि डोंगरपाडे. आजही तलासरीचा तरुण कामाला सकाळी संजाण-उंबरगावकडे जातो. अशा तालुक्यात शेठ तयार होणार कुठून? तिथं दोन संस्था तयार झाल्या. एक माधवराव काणे यांनी वनवासी कल्याण केंद्राच्या वतीनं साठच्या दशकात सुरू केलेलं वसतिगृह. दुसरी म्हणजे लाल बावट्याच्या आदिवासी प्रगती मंडळाची शाळा-वसतिगृहं आणि पुढं कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय. या दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मारामाऱ्या झाल्या, खटले झाले. पण दोघांनी केलं तेच: पाड्यावरच्या पोराला दोन वेळचं जेवण, गणवेश आणि वही दिली. तलासरीत दिल्लीच्या गाडीचं तिकीट वसतिगृहाच्या खिडकीवर मिळत होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

चिंतामण वनगा हे पहिल्या वसतिगृहाचे. तलासरी तालुक्यातलं कवाडा हे त्यांचं गाव. कागदोपत्री जन्म 1 जून 1950. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनचा असतो, कारण ती तारीख मास्तरांनी शाळेच्या सोयीनं लिहिलेली असते. शिकून वकील झाले. वकिली हा एका अर्थी धंदाच, पण आदिवासी तालुक्यातल्या वकिलाच्या अशिलाकडे फी द्यायला पैसे नसतात हे इथं बसलेल्या वकिलांना सांगायला नको. जमिनीची, वनखात्याची, दारूबंदीची प्रकरणं. ठाणे जिल्ह्यात भाजपचं काम त्यांनी केलं ते पक्षाला आदिवासी भागात फारसं कुणी विचारत नव्हतं तेव्हा. कष्टकऱ्यांचा भाग हा लाल बावट्याचा नाहीतर काँग्रेसचा, अशी वाटणी पक्की होती. 1996 साली ते डहाणूतून लोकसभेवर निवडून आले. 1998 साली काँग्रेसच्या शंकर सखाराम नम यांच्याकडून हरले. 1999 साली पुन्हा जिंकले. 2004 साली शिंगडा परत आले. 2009 साली नव्या पालघर मतदारसंघात वसई-विरारच्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव 12,360 मतांनी वनगांच्या पुढं गेले. त्याच वर्षी वनगा विक्रमगडचे आमदार झाले. 2014 साली मोदी लाटेत 2,39,520 मतांच्या फरकानं ते तिसऱ्यांदा लोकसभेत गेले.

या आलेखाकडे बघताना मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, 2009नंतर मतदारसंघाचा गुरुत्वमध्य सरकला. डहाणू मतदारसंघात डोंगरातला पाडा निर्णायक होता. पालघर मतदारसंघात नालासोपारा-बोईसर-वसईची शहरी मतं आली. उमेदवार आदिवासीच, पण त्याला निवडून देणाऱ्यांत लोकलनं चर्चगेटला जाणारा मतदार मोठा. राखीव जागेचा अर्थच त्यानं बदलला, आणि त्याची चर्चा आपण पुरेशी केलेली नाही. दुसरी गोष्ट कायद्यांची. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा डिसेंबर 1996मध्ये झाला, तेव्हा डहाणूचे खासदार वनगा होते. वनहक्क कायदा डिसेंबर 2006मध्ये झाला, तेव्हा खासदार शिंगडा होते. डहाणू-तलासरीच्या माणसाचं आयुष्य बदलू शकणारे हे दोन कायदे दोन विरुद्ध पक्षांच्या खासदारांच्या काळात झाले. पेसाचे नियम महाराष्ट्रानं केले ते थेट 2014 साली, अठरा वर्षांनी. ही दिरंगाई मंत्रालयाची. तिचं खापर कुठल्या खासदारावर फोडणं अन्यायाचं होईल, पण अठरा वर्षं त्यासाठी एकाही खासदारानं रान उठवलं नाही, हेही तितकंच खरं.

30 जानेवारी 2018 रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशन नुकतंच सुरू झालेलं असताना, वनगांचं दिल्लीत हृदयविकारानं निधन झालं. त्यानंतरचे चार महिने हा आपल्या राजकारणाचा अभ्यासक्रमात लावावा असा धडा आहे. पक्षानं आपल्याला विचारलं नाही, अशी वनगा कुटुंबाची तक्रार झाली आणि मे महिन्यात ते 'मातोश्री'वर गेलं. चिरंजीव श्रीनिवास यांना शिवसेनेनं उमेदवारी दिली. भाजपनं आयत्या वेळी काँग्रेसमधून माजी आदिवासी विकास राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना आणलं. राज्यात आणि केंद्रात सत्तेत एकत्र असलेले दोन पक्ष पालघरात एकमेकांच्या उरावर बसले. 28 मेच्या मतदानात गावितांना 2,72,782 मतं मिळाली, श्रीनिवास वनगांना 2,43,210. बळीराम जाधव तिसरे, मार्क्सवादी किरण गहला चौथे, आणि पाच वेळचे खासदार शिंगडा 47,714 मतांवर पाचवे.

खरी गंमत पुढं आहे. 2019 साली युती झाली, जागा शिवसेनेला सुटली, आणि शिवसेनेनं उमेदवार दिला तो राजेंद्र गावित यांनाच. एका वर्षापूर्वी ज्यांच्याविरुद्ध वनगांचा मुलगा उभा केला, त्यांच्याच हातात धनुष्यबाण. ते 88,883 मतांनी जिंकले. श्रीनिवास त्याच वर्षी पालघरचे आमदार झाले, आणि 2024 साली त्यांचं तिकीट कापून ती विधानसभेची जागाही गावितांना देण्यात आली. लोकसभेला तोवर दिवंगत मंत्री विष्णू सवरा यांचे डॉक्टर चिरंजीव हेमंत सवरा भाजपकडून 1,83,306 मतांच्या फरकानं निवडून आले होते. व्यक्तींना दोष देण्यात मला रस नाही. राजकारणात प्रत्येक जण आपली वाट बघतो. पण मतदारसंघ म्हणून आपली किंमत काय ठरली? मुंबईच्या दोन बंगल्यांमधल्या देवाणघेवाणीत टाकायचं एक नाणं. आयुष्यभर एकाच झेंड्याखाली राहिलेल्या चिंतामण वनगांच्या वाट्याला त्यांच्या पश्चात हे यावं, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा पक्ष मला कधीच माझा वाटला नाही, तरीही.

आता पेठेकडे परत येऊ. लोकसभेचं दार बंद असताना पेठ गप्प बसली का? मुळीच नाही. तिनं नगरपरिषद सांभाळली, सहकारी बँक सांभाळली, आणि निवडणुकीत गाड्या, मंडप, जेवणावळी पुरवून प्रत्येक पक्षाच्या उमेदवारामागं उभी राहिली. कोण जिंकतो याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. जो जिंकेल त्याच्याकडे आपलं काम अडू नये एवढंच पाहायचं होतं. पेठेच्या दुसऱ्या एका गटानं मात्र राष्ट्रीय पातळीवर जाण्याची वेगळी वाट शोधली, आणि मला ती कुठल्याही खासदारकीपेक्षा मोठी वाटते. डहाणूत औष्णिक वीजकेंद्र येणार असं ठरल्यावर चिकूच्या वाड्यांच्या घरांतल्या काही महिला उठल्या आणि न्यायालयात गेल्या. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. उद्योगांसाठी जास्तीत जास्त 500 एकर, भोवती 25 किलोमीटरचा पट्टा. 31 ऑक्टोबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. 1998 साली याच प्राधिकरणानं डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवणला होऊ घातलेल्या बंदराला नकार दिला. फुगे बनवणारे, डाय बनवणारे कारखानदार या अधिसूचनेवर अजून रागावलेले आहेत. आमच्या पोरांना काम कुठं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. तलासरीचा मुलगा सीमेपलीकडे कामाला जातो त्याचं एक कारण तेही आहे. पण डहाणूचा चिकू, ज्याला 2016 साली घोलवडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, तो शिल्लक राहिला याचं श्रेय त्या याचिकांना द्यावंच लागेल. वीजकेंद्र झालं ते झालंच, पण अटींसह.

आणि वाढवण? 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणानं, तोवर धर्माधिकारी हयात नव्हते, बंदराला ना-हरकत दिली. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 76 हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली. किनाऱ्यावरचा मच्छीमार विरोधात उभा आहे. पेठ मात्र या वेळी दोन मनांची आहे. जमिनीचे भाव वाढले की मन दोन होतं. पनवेलमध्ये बंदर आणि नव्या शहरानं ठेकेदारांतून खासदार घडवले. वाढवण तेच करणार, फक्त इथं उमेदवार आदिवासी असावा लागेल. आदिवासी तरुणांतही आता ठेकेदार, वाहतूकदार, रेतीवाले तयार होत आहेत. उमेदवारांच्या शपथपत्रांत 'शेती व व्यवसाय' हे शब्द सर्रास दिसू लागले आहेत. म्हणजे संयोजकांनी दिलेला विषय चुकीचा नव्हता. तो फक्त दहा-पंधरा वर्षं लवकर आला.

हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. शेठ परका असतो तेव्हा आदिवासी गरीब राहतो, आणि आदिवासी शेठ झाला की आपण नाक मुरडतो, हा दुटप्पीपणा शहरी सुशिक्षितांनी सोडायला हवा. आपल्याच डहाणूत एक उदाहरण आहे. विनोद निकोले या तरुणानं कॉलेज अर्धवट सोडून इराणी रोडवर वडापाव विकला, मग मार्क्सवादी पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला, आणि 2019 साली डहाणूचा आमदार. निवडून आलेल्यांत सर्वांत कमी मालमत्तेचे आमदार म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले, जाहीर मालमत्ता 51 हजारांच्या आसपास. 2024 साली ते पुन्हा निवडून आले. डहाणूच्या पेठेतून विधिमंडळात गेलेला हा दुकानदार. दिल्ली नव्हे, मुंबई. पण पेठेला आपला माणूस म्हणून त्यांचा अभिमान वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

शेवटी एक मागणं आहे, विशेषतः तलासरीच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे आणि वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांकडे. लोकसभेतल्या प्रश्नोत्तरांची आणि भाषणांची नोंद छापील खंडांत आणि संकेतस्थळावर उपलब्ध असते. परुळेकर आणि मातेरांपासून आजच्या खासदारांपर्यंत, या भागाच्या प्रत्येक प्रतिनिधीनं काय विचारलं, काय विचारलं नाही, हे काढून मराठीत एक पुस्तक करा. लाल वसतिगृहवाले आणि भगवे वसतिगृहवाले यांनी मिळून केलंत तर उत्तम. नाही पटलं तर दोन पुस्तकं करा. पण पुढच्या निवडणुकीआधी करा, म्हणजे मतं मागायला येणाऱ्याच्या हातात ते ठेवता येईल.